पाठमोरी खुर्ची

वहिनींनी रुमालाने काच पुसली आणि पलीकडच्या माणसांच्या ओठांवर नजर लावली.

“बागेच्या जागी गाड्या लावू या, म्हणतोय तो चष्मेवाला,” त्या म्हणाल्या. “शेजारचा म्हणतो, लोकांना इतक्यात कळायला नको.”

मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. नगरपालिकेच्या सभागृहातली नागरिकांची ही गॅलरी काचेने बंद होती. आतलं ऐकू यावं म्हणून बसवलेला स्पीकर वर्षभर मुका होता आणि त्याच्या दुरुस्तीचा कागद कुठल्याशा टेबलावर मुक्काम ठोकून होता. ‘सभा सर्वांना खुली’ असं दारावर मात्र ठळक लिहिलेलं होतं.

नवव्या वर्षी तापात वहिनींचे कान गेले, तेव्हापासून त्या ओठ वाचत. घरात चार माणसं हसली की त्या “काय झालं?” विचारायच्या आणि कुणीतरी “काही नाही गं” म्हणून हात हलवायचं. पन्नाशी उलटल्यावर आता अख्खी आळी त्यांच्या तोंडाकडे बघत बसू लागली होती. महिन्याच्या सभेला त्या नवी साडी नेसून येत. अध्यक्षांचं तेवढं त्यांना कळत नसे, कारण त्यांची खुर्ची काचेकडे पाठ करून असे. मग समोरच्यांच्या उत्तरांवरून त्या अंदाज बांधत, आणि तो सहसा चुकत नसे.

त्यांचे यजमान शिंपी. आळी त्यांना मास्तर म्हणे. स्पीकरचा अर्ज मास्तरांनीच लिहिला होता. माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते सही घेतल्याशिवाय सोडत नसत. पहिली सही वहिनींची होती. कचेरीत चार खेपा झाल्या, दोनदा साहेब जेवायला गेलेले निघाले, पण शेवटी मागण्या मान्य झाल्या. स्पीकर दुरुस्त होणार होता, आणि दर सभेत गॅलरीतल्या माइकवरून दोन प्रश्न विचारता येणार होते.

पुढच्या सभेला बसायला जागा उरली नाही. स्पीकर खरखरला आणि बोलू लागला. सगळ्या माना वर, त्या डब्याकडे वळल्या.

पहिला प्रश्न शाळेतल्या बाईंनी विचारला. निर्णयाआधी बागेचा नकाशा लोकांना दाखवणार का? अध्यक्ष काहीतरी म्हणाले आणि गॅलरीत हशा पिकला. टाळ्या पडल्या. वहिनींना नुसती पाठ दिसली. त्यांनी शेजारच्या किराणावाल्या काकूंचा दंड हलवला.

“काय म्हणाले?”

“थांबा हो, सांगते मग,” काकू स्पीकरवरची नजर न काढता म्हणाल्या.

वहिनींना त्यांचे ओठही नीट दिसले नाहीत. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि सगळे हसताहेत म्हणून थोडं हसल्या.

मास्तरांनी ते पाहिलं. चार खेपा घालून हे आपणच आणलं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या प्रश्नाचा पुकारा झाला. खिशात महिनाभर घोटलेल्या प्रश्नाचा कागद होता. ते उठून पुढे माइकपाशी गेले, पण कागद काढला नाही.

“साहेब, तुमची खुर्ची जरा आमच्याकडे वळवता येईल का?”



“आता स्पीकर चालू आहे ना, मास्तर?” अध्यक्षांनी विचारलं.

“चालू आहे. पण माझ्या बायकोला ऐकू येत नाही. ती बघून ऐकते. वर्षभर या सगळ्यांनी तिच्याकडूनच ऐकलंय.”

काकू खाली बघू लागल्या. वहिनी गोंधळून नवऱ्याच्या पाठीकडे पाहत होत्या, कारण ते पुढे उभे होते आणि काय विचारलं ते त्यांना कळलं नव्हतं. मग पलीकडे अध्यक्ष उठले. जड खुर्ची त्यांनी स्वतःच ओढत टेबलाच्या कडेला नेली आणि तिच्यावर बसले. आता ते सभासदांनाही दिसत होते आणि काचेलाही. त्यांचे ओठ हलले.

वहिनी पुढे झुकल्या.

“आता दिसतंय का, विचारतायत,” त्या सवयीने मोठ्यांदा म्हणाल्या.

सगळ्यांनी ते स्पीकरवर ऐकलंच होतं. काकूंनी आपलं तोंड पुरतं वहिनींकडे वळवलं आणि सावकाश विचारलं, “बरं, आणि पुढे काय म्हणतायत?”