आधी चिप, मग लस

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. आता तो झालेला नाही.

त्या दिवशी बाबांनी सांगलीहून मला जर्मनीत, लाइपझिगला फोन केला. भडंगला, म्हणजे त्यांच्या कुत्र्याला, वर्षाची लस टोचून आणली होती. "डॉक्टरांना नाही चावला, फक्त कंपाउंडरला," म्हणाले. बुधवारी सकाळी ते गेले. मी सांगलीला आले आणि तेरावं झाल्यावर भडंगला माझ्याकडे न्यायचं ठरवलं. बाबांचं म्हणून नेता येईल असं तेवढंच उरलं होतं.

जनावरांचे डॉक्टर मगदूम यांनी त्याच्या मानेत ओळखनंबराची तांदळाएवढी चिप बसवली आणि मग बाबांची फाइल उघडली. नऊ वर्षांच्या लसीच्या नऊ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात तारीख.

"घोळ झालाय ताई. आधी चिप, मग लस. चिपच्या आधीचं तिकडं धरत नाहीत."

"दर वर्षी टोचलंय की."

"टोचलं असंल. पण कुणाला? नंबर कुठं होता त्याला?"

त्यांनी पुन्हा लस टोचली. घरी येईपर्यंत नऊही चिठ्ठ्या कोऱ्या झाल्या होत्या. मी त्या घडी घालून ठेवल्या. संध्याकाळी भडंग हाकेला आला नाही. मी चिपचा पंधरा आकडी नंबर म्हटला, तेव्हा शेपूट हलवत आला.

शेजारच्या कुंभोजे काकू दारात थांबल्या. "नवीन कुत्रं आणलंस होय गं?"

"बाबांचा भडंग आहे, काकू."

"काहीतरीच! तुझ्या बाबांनी साधं मांजर तरी पाळलं का कधी?"

हा कुत्रा भुंकतो म्हणून काकू सहा वर्षं बाबांशी बोलत नव्हत्या.

भडंगच्या रक्ततपासणीचा अहवाल आला त्या दिवशी बाबांची खुर्ची नव्हती. जिथे ती असायची तिथपर्यंत भिंत पुढे सरकली होती. तब्येतीचा दाखला मिळाला तेव्हा त्यांची झोपायची खोली गेली. त्यावर सरकारी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांचा शिक्का बसला आणि स्वयंपाकघर गेलं. मी टेप लावून मोजलं. विमानात चालणाऱ्या पिंजऱ्याची मापं मला पाठ होती. घर आता तेवढंच होतं. नियमाप्रमाणे भडंगला उभं राहता येत होतं, जागेवर वळता येत होतं. मला मात्र मांडी घालून बसावं लागलं.

समोरच्या भिंतीत खिडकी होती आणि खिडकीपलीकडे परवानगी देणाऱ्या कार्यालयातल्या सुतारबाई.

"एकच रकाना राहिलाय मॅडम. चिपच्या आधी कुणाकडं होता?"

"माझ्या वडिलांकडे."

"मग त्यांची संमती लागंल. सही घेऊन या."

"ते वारले."

"कधी?"

मी तारीख सांगितली. त्यांनी चिपची तारीख पाहिली.

"हे आधीचं झालं. आधीचं धरत नाही आम्ही. आडवी रेघ मारा की, सगळेच मारतात. उद्याच्या विमानानं जाईल कुत्रं. नाव लिहिलंत तर इथंच राहील, बघा."

"आणि रेघ मारली तर?"

"तर काय? कुणाकडंच नव्हता."

भडंग माझ्या गुडघ्याला पाठ लावून बसला होता. त्याचा श्वास मला जाणवत होता. मी पेन टेकवलं. रेघ सरळ येत होती. माझं अक्षर चांगलं आहे, मी कुठलाही फॉर्म एका बैठकीत भरते. रेघ अर्ध्यावर आली तेव्हा मला बाबांचा आवाज आठवेना. आणखी थोडी पुढे गेली तेव्हा माझं स्वतःचं आडनाव आठवेना.

"थांबू नका मॅडम, शाई पसरते," सुतारबाई म्हणाल्या.

पेन न उचलता मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, तुम्ही तीनदा विचारलंत, तुझ्याकडे येऊ का. तिन्ही वेळा मी म्हणाले, व्हिसाचे कागद फार अवघड असतात. अवघड नव्हते. मी ते मागवलेच नाहीत."