निळ्या काठाची चादर

“कुणीच नव्हतं,” आई म्हणाली आणि मटार सोलत राहिली. “तसंच लिही. कुणाला माझं काही पडलेलं नव्हतं.”

समोर बसलेली मुलगी विद्यापीठातून आली होती. लहानपणी घरात मार नि धाक सोसलेली माणसं मोठेपणी कशी सावरतात, यावर तिचं संशोधन चालू होतं. तिला मीच बोलावलं होतं. आजोबा हात उगारायचे, एवढं सोडलं तर आईनं मला तिच्या लहानपणाविषयी काही सांगितलं नव्हतं. मी शाळेतून रडत आले तरी ती कधी ओरडायची नाही, काही विचारायचीही नाही. चादरीचं दुसरं टोक हातात द्यायची, “धर, घडी घालू.” घडी होईतो माझं रडू ओसरलेलं असायचं. माझ्या मांडीवर पिल्लू आल्यापासून वाटायचं, हे हिला शिकवलं कुणी?

“काकू, मग तुम्ही सावरलात कशा?”

“सावरायला वेळ कुणाला होता, बाई? इस्पितळाच्या धुलाईघरात जन्म गेला. तिथल्या चादरी काय माझी सासू धुणार होती?”

मुलगी हसली. मग हळूच म्हणाली, “घरात आरडाओरडा सुरू झाला की कुठे जायचात?”

“समोर, इस्त्रीवाल्या मावशीकडे. पण कामाला हं. ती दारातून हाक मारायची, ‘चिमणे, पाणी शिंपडायला ये गं, माझे हात गुंतलेत.’ कोळशाची इस्त्री तिची. कपडा आधी ओलसर करावा लागायचा. मी टेबलाखाली बसून वाटीतलं पाणी शिंपडायचे, गुंडाळी करून वर द्यायचे. वरून ऊब यायची, ओल्या सुताचा वास यायचा.” आईची बोटं मंदावली. “आमच्या घरात सामसूम होईपर्यंत काम काही संपायचं नाही. मोठी लबाड बाई. फुकटात राबवून घ्यायची.”

“कधी काही विचारायच्या?”

“छे. ‘कोपरे विसरू नकोस,’ एवढंच. निळ्या काठाची चादर असायची, ही एवढी मोठी. एका कोपऱ्याला इस्त्रीचा चटका बसलेला. ती वर देते न देते तोच पुढची खाली. तीही निळ्या काठाची. तिलाही...”

आई थांबली. शेंग तशीच बोटांत राहिली.

“तिलाही चटका होता,” ती म्हणाली. “त्याच कोपऱ्याला.”

पिल्लू दूध पिता पिता झोपलं होतं.

“अगं, चादर एकच होती. इस्त्री फिरवून वाळवायची नि परत खाली द्यायची.” आईनं माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे तिला सगळं ऐकू जात होतं.”

“आहेत का त्या अजून?” मुलीनं विचारलं.

“नाही गं. माझ्या लग्नाआधीच गेली.” आईनं पदरानं हात पुसले. “ते आधीचं खोड. कुणीच नव्हतं, ते.”

मुलगी गेल्यावर आईनं गॅलरीतून वाळलेली चादर आणली आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आमची इस्त्री वाफेची, तिला शिंपडलेलं पाणी लागत नाही. तरी आईनं वाटी भरून घेतली, बोटं बुडवली.

आधी कोपरे.