न मोजलेला डावा पाय

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा, आणि तोही धावण्याचा. त्यामुळे दाराआडच्या फळीवर मला क्षणभर चैन पडत नाही. कुणाची पावले वाजली की वाटते, आता आपली नाडी बांधणार. उजवा भाऊ शेजारी निवांत असतो. त्याचे माप बरोबर होते ना! माझे पहिल्या दिवसापासून चुकले.

कारखान्यात आम्हाला साच्यावर ताणून, तळवे चिकटवून एकाच खोक्यात घातले. तिथून आम्ही एका शिंप्याच्या घरी आलो. त्यांच्या लेकीला अग्निशमन दलात भरती व्हायचे होते. धावण्याच्या चाचणीत ती एकदा मागे पडली होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. तिला न सांगता चांगले बूट आणायचे, असे बाबांनी ठरवले. ती खुर्चीत बसून वाचत असताना त्यांनी गळ्यातली टेप काढून सहज तिचा उजवा पाय मोजला. डावा मोजलाच नाही. एका बाहीचे माप घेतले की दुसरी तशीच कापायची, ही त्यांची जन्माची सवय. पण तिचा डावा पाय उजव्याहून मोठा होता.

बाबा येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना आम्हाला कौतुकाने दाखवत. इकडे माझ्या आत तिची बोटे दुमडून बसलेली असत. ती धावू लागली की अंगठा माझ्या टोकावर आपटायचा. मी तडफडायचो, पण जरा पुढे सरकून जागा द्यावी तर ते माझ्या हातात नव्हते. तिने बाबांजवळ ब्र काढला नाही. उलट माझ्या टाचेत मऊ गादी घातली, म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला. त्या गादीने बोटे आणखीच पुढे ढकलली. नख काळे पडले. चाचणी जवळ येत होती आणि तिचा वेग घटत होता.

अशात तिची आत्या राहायला आली. ती नाच शिकवते, त्यामुळे तिची नजर आधी पायांकडे जाते. पुतणीचे लंगडणे तिने दारातच हेरले. मला उचलून आत हात घातला, घासलेली जागा चाचपली आणि ती भावाला म्हणाली, "दादा, पोरीचा पाय म्हणजे तुला बाही वाटली का?"

बाबा कात्री खाली ठेवून लेकीकडे वळले. "तू बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही इतक्या हौसेनं आणले होते, बाबा."

नख बरे होईपर्यंत धावणे बंद झाले आणि आत्याने तिला अनवाणी कामाला लावले. फरशीवर पसरलेला टॉवेल बोटांनी ओढायचा, दात घासताना एका पायावर उभे राहायचे, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करायच्या. फळीवरून पाहताना माझा नुसता जळफळाट होई. घरात बूट असताना अनवाणी कशाला? पण हळूहळू तिचा घोटा डगमगेनासा झाला, बोटे पसरून जमीन धरू लागली. जी ताकद माझ्या जाड तळव्यात आहे असे मी समजत होतो, ती तिच्या पायात वाढत होती.

मग बापलेक दुकानात गेले. दिवसभर वावरून पाय जरा फुगतो, म्हणून मुद्दाम संध्याकाळी. झीज दाखवायला मलाही पिशवीतून नेले. बाबांनी तिला उभे करून दोन्ही पाय मोजायला लावले आणि मोठ्या पायाच्या मापाचे बूट घेतले. अंगठ्यापुढे बोटभर जागा होती. ती रस्त्यावर थोडी पळून आली, तेव्हा कुठे बाबांनी मान हलवली.

चाचणीच्या दिवशी नवे बूट गेले. मी फळीवर तळमळत होतो आणि बाबांची गत माझ्याहून वाईट होती. ते मशीन चालवत, थांबवत, दाराशी येऊन परत जात. एका सदऱ्याची कॉलर त्यांनी उलटी लावली.

ती आली आणि पायरीवर बसली. बाबांनी निकाल विचारलाच नाही. ते खाली वाकले, तिचा डावा बूट आणि मोजा काढला आणि अंगठा हलकेच दाबून पाहिला.

"लागलं का गं कुठं?"

"नाही, बाबा. आणि मी पास झाले."

मित्रांनो, बुटांना पॉलिश करण्याआधी आपल्या पायांची विचारपूस करा, दोन्ही पायांची. आणि कुणी हौसेने आणलेले टोचत असेल, तर त्यांना वेळीच सांगा. ज्यांची माया आहे, ते पुन्हा माप घ्यायला खाली वाकतात.