साठावं बोट

साहेब, त्या पोरीचं बोट तुम्ही जाळलंत. बाटली माझ्या हातात होती, ते मी नाकारत नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही नाकारलं नाही. पण त्या बाटलीपर्यंत मला ढकलत कोण घेऊन आलं, हे पोलिसांनी विचारलं नाही, आणि तुमच्या शिक्षण खात्याच्या चौकशीच्या कागदावर तर त्या प्रश्नाला जागाच ठेवलेली नाही. म्हणून मीच लिहितो. मी शाळेचा शिपाई. वर्गाबाहेर स्टुलावर बसून जे कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. माझ्या चुका काढायच्या तर खुशाल काढा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

तुमचाच नियम आहे की एका सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत दुसरी उघडायची नाही. मोजायला तुमचा माणूस आला तेव्हा फितीचं एक टोक मी धरलं होतं. मोजायला सुरुवात त्याने आमच्या फाटकापासून केली नाही. मागच्या संडासाच्या भिंतीपासून केली. तिथून मैदानाला वळसा, मग हमरस्ता, गोदामं, पूल, आणि नव्या इमारतीच्या पार पलीकडच्या फाटकापर्यंत. एक हजार तेरा मीटर.

"बसलं," तो म्हणाला.

"अहो, पोरं काय पुलावरून जाणार? आमच्या भिंतीला भगदाड आहे. तिथून अडीचशे पावलं."

त्याने फीत गुंडाळली. "भगदाड नकाशात आहे का?"

नव्हतं. मी परत माझ्या स्टुलावर जाऊन बसलो. तेव्हा वाटलं, माझ्या बापाचं काय जातं.

नवी शाळा उघडली. खोटं कशाला बोलू, चांगली होती. गुळगुळीत फरशी, प्रत्येक खोलीत चार पंखे, मुलींच्या संडासाला आतून कडी. आमच्याकडे कडी नव्हती. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. छप्पर गळायचं. शिक्षक तीन: मोठ्या बाई, गणिताचे सर आणि दुपारी घोरणारे सर. आम्ही सात वर्षं तुमच्याकडे एक कडी मागत होतो. तुम्ही कडी दिली नाहीत, अडीचशे पावलांवर अख्खी इमारत दिलीत.

नाल्यापलीकडची शाळा पहिल्याच वर्षी गेली. टाळं लागलं त्या दिवशी तिथल्या शिपायाने तुमच्या कचेरीत जाऊन कारकुनाचं तोंड टेबलावर आपटलं. पुढचे दोन दात कागदांवर पडले. शिपाई आत गेला, कारकून रजेवर गेला, टाळं तसंच राहिलं. तिथली निम्मी मुलं आमच्याकडे आली, निम्मी नव्या शाळेत गेली. काही कुठेच गेली नाहीत, पण ती मोजायला कुणी आलं नाही.

मग तुमचा कागद आमच्याकडे आला. साठ मुलं भरली नाहीत तर शाळा बंद. पडताळणीच्या दिवशी दोन्ही शाळांत एकाच वेळी मोजणी, आणि एकच मूल दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून डाव्या करंगळीला न पुसणारी शाई.

त्या कागदानंतर आमचे शिक्षक शिकवायचं सोडून पोरं धरायला लागले. नव्या शाळेलाही मोठा आकडा दाखवायचा होता, नाहीतर पुढचं अनुदान अडलं असतं. चौकात गणिताचे सर आणि नव्या शाळेचे खेळाचे सर एकाच पोरावर तुटून पडले. एकाने उजवा हात धरला, दुसऱ्याने डावा. "माझा विद्यार्थी आहे!" "नाव आमच्याकडे घातलंय!" पोरगं मधे हेलकावे खात होतं. कटकन आवाज झाला आणि त्याचा खांदा निखळला. त्याची आई धावत आली, पायातली चप्पल काढली आणि दोघांनाही फोडून काढलं. गणिताच्या सरांचा चष्मा फुटला, खेळाच्या सरांची भुवई फाटली. "आधी बेरीज करायला शिका रे," ती ओरडत होती, "मग पोरं पळवा!" लोक हसले. मीही हसलो. पोरगं मातीत बसून किंचाळत होतं.

आता माझ्या घरचं. माझा धाकटा भाऊ नव्या शाळेची गाडी चालवायचा. हॉर्नवरचा हात निघत नाही म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. आम्ही एकाच घरात, मधे फळ्यांची भिंत. तो खोकला तरी मला कळायचं. त्याची मुलगी चौथीत, माझ्या शाळेत. पहिल्या दिवसापासून माझं बोट धरूनच जायची. तास वाजवायचा लोखंडी टोला रोज सकाळी माझ्याआधी तीच उचलायची आणि दोन्ही हातांनी एक ठोका हाणायची. मग मी बाकीचे.

भोंग्याला नोकरी देताना नव्या शाळेने अट घातली होती: आधी स्वतःची पोरगी आण, मग दुसऱ्यांची. त्याने नाव घालून टाकलं. पोरगी जाईना.

"दादा, तिला समजाव," तो म्हणाला. "तुझी शाळा म्हणजे मढं आहे. उचलायला माणसं मिळत नाहीत म्हणून पडून आहे."

"मग तू कशाला मढ्यावरची पोरं ओढतोस?"

"तिथे कडी आहे दाराला! माझी पोरगी चार तास तसंच दाबून बसते, माहीत आहे तुला?"

माहीत होतं. तरी मी म्हणालो, "तिला विचार." तिला विचारलं तर ती म्हणाली, "मी टोला सोडून येणार नाही." भोंग्याने तिच्या थोबाडीत मारली. मी फळ्यांच्या भिंतीवर लाथ घातली, दोन फळ्या मोडल्या. त्यांच्या जागी भावजयीने चादर टांगली. ती चादर अजून तिथेच आहे.

पडताळणीचा दिवस. मोजणी दहाला. आठ वाजता नव्या शाळेची गाडी कोपऱ्यावर उभी राहिली. खेळाचे सर खाली उतरून मुलांना बिस्किटाचे पुडे वाटत होते, आणि पुडा घ्यायला हात पुढे आला की करंगळीवर काडीने शाई. तशीच शाई, तसाच रंग, बाटली कुठून आणली देव जाणे. आमची दहा मुलं त्या रांगेत लागली. पुडे खात, बोटं नाचवत ती आमच्याच फाटकातून आत आली. पोरंच ती. शाई लागली म्हणजे आपण आता कुठल्याच शाळेत मोजले जाणार नाही, हे त्यांना कोण सांगणार? आमचे साठ भरले नाहीत की आम्हाला टाळं, आणि मग सगळी मुलं त्यांचीच.

माझ्या पुतणीने पुडा घेतला नव्हता. ती गाडीला वळसा घालून निघाली होती, तर भोंग्यानेच उडी मारून तिला पकडलं, गुडघ्यात दाबलं आणि करंगळी बाटलीत बुडवली. वाळल्यावर परत बुडवली. "आता जा तुझ्या काकाकडे," म्हणाला, "बघू कशी मोजतात."

मोठ्या बाईंनी मुलं मोजली. कोरी बोटं एकोणपन्नास. काळी अकरा. बाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीस वर्षं त्यांना ओरडताना मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी माझी गचांडी धरली.

"काहीही कर. दहाच्या आत ही बोटं कोरी पाहिजेत."

"बाई, न पुसणारी शाई आहे."

"फरशीवरची पुसतोस ना? मग?"

साबण लावून पाहिला. रॉकेल लावलं. घासायच्या दगडाने घासलं. शाई हलेना, कातडी मात्र लाल व्हायला लागली. मग मी संडासात गेलो आणि ॲसिडची बाटली आणली. तीस वर्षं त्याच पाण्याने डाग काढलेत. बोट आणि फरशी यात फरक असतो हे मला कळत नव्हतं असं नाही. साठ हा आकडा डोक्यात इतका घुमत होता की दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

मी मुलांना नळाजवळ रांगेत उभं केलं. बादलीभर पाण्यात झाकणभर ॲसिड, त्यात चिंधी, चिंधीने खसाखसा, मग नळाखाली हात. पोरं रडली, लाथा झाडल्या, एकाने माझ्या मनगटाचा चावा घेऊन रक्त काढलं. गणिताचे सर एकेकाला मागून आवळून धरत होते. दहा बोटं निघाली. लालभडक झाली, पण निघाली.

अकरावी ती. दहाला पाच मिनिटं होती. बापाने दोनदा बुडवलेलं बोट, नखाच्या मुळापर्यंत काळं. बादली तोवर लाथेने कलंडली होती. नळाची धार दोऱ्याएवढी झाली होती. बाई दारातून ओरडल्या, "अधिकाऱ्यांची गाडी आली!"

"काका, भाजतं का?" तिने विचारलं.

"थोडं," मी म्हणालो.

तिने हात स्वतःहून पुढे केला. सरांनी तिला धरलं नव्हतं. धरायची गरजच पडली नाही. मी बाटली वाकडी केली.

ती किंचाळली नाही, साहेब. आधी नुसता श्वास आत ओढला. बोटावरून वाफेसारखं काहीतरी उठलं. शाई गेली, तिच्याबरोबर कातडी गेली आणि खाली पांढरं दिसलं. मग ती किंचाळली. मी तिचा हात नळाखाली कोंबला, दोऱ्याएवढ्या धारेखाली, आणि ती धार थांबली.

एवढ्यात भगदाडातून भोंगा धावत आला. अडीचशे पावलांवर त्याने आपल्या पोरीचा आवाज ओळखला होता. बाटली पाहिली, बोट पाहिलं आणि माझ्या अंगावर झेपावला. मी पाठीवर आपटलो. त्याने माझं डोकं दोनदा नळाच्या ओट्यावर हाणलं. माझ्या कानाचा लचका त्याच्या दातांत आला, तो त्याने थुंकला. माझ्या हाताला तास वाजवायचा लोखंडी टोला लागला. मी हाणला. पहिला खांद्यावर बसला. दुसऱ्याला त्याने हात आडवा घातला आणि मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी मी तिसरा उचलला. गणिताच्या सरांनी मागून पकडलं नसतं तर भाऊ मेला असता. हे मी पोलिसांना सांगितलं नाही, तुम्हाला सांगतोय.

तेव्हा तुमचा अधिकारी आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळी, फळीवर कागद. नळापासून ओसरीपर्यंत रक्त होतं. त्याने पँट जरा वर उचलली आणि ते ओलांडलं.

"मुलं रांगेत बसवा," म्हणाला.

त्याने काही विचारलं नाही. रक्ताबद्दलही नाही. मोठ्या बाईंनी पोरीच्या हाताला आपला ओला रुमाल गुंडाळला आणि तिला रांगेच्या टोकाला बसवलं. ती थरथरत होती. बापाला बाहेर दोघांनी दाबून धरलं होतं, तो तिच्या नावाने ओरडत होता. अधिकारी मोजत आला. पन्नास. पंचावन्न. एकोणसाठ.

"हात बाहेर."

"तिला लागलंय," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या हाताला लावा ना."

"डावी करंगळी, असं लिहिलंय."

बाईंनी रुमाल सोडला. मी पाहत होतो.  अधिकाऱ्याने उघड्या मांसावर शाईची काडी टेकवली. पोरगी बेशुद्ध होऊन पुढे कोसळली. त्याने कागदावर साठ लिहिलं आणि खाली सही घेतली.

शाळा वाचली. तुमचं पत्र आलं, पट पुरेसा आहे म्हणून. डॉक्टरांनी करंगळीचं वरचं पेर काढलं. भोंग्याचं मनगट वाकडं जुळलं. गाडीचं चाक धरता येईना, नोकरी गेली. मी निलंबित. तास आता घोरणारे सर वाजवतात, तोही उशिरा.

पोरगी दवाखान्यातून घरी आल्यावर तिला बघायला मी चादर बाजूला केली, तर भावजय आडवी आली. मला वाटलं, शिव्या देईल.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो म्हणतो तुम्ही जाळलं, तुम्ही म्हणता त्याने. मला एवढंच सांगा, तुमच्यापैकी तिला उचलून दवाखान्यात कुणी नेलं?"

कुणीच नाही. चपलेने मारणारी ती चौकातली बाई घेऊन गेली होती.

पोरगी चार महिने घरात आहे. शाळेचं नाव काढलं की हात पाठीमागे लपवते आणि भिंतीला चिकटून बसते. परवा मोठ्या बाई स्वतः आल्या, नवी वही घेऊन. तिने ती वही फाडली, एकेक पान करून, शांतपणे, आणि तुकडे बाईंच्या मांडीवर ठेवले. बाई तुकडे गोळा करून उठल्या.

मी दोन्ही शाळांत जाऊन हजेरी पाहिली. निलंबित असलो तरी दोन्हीकडची माणसं मला ओळखतात. आमच्या पटावर तिचं नाव आहे, कारण काढलं तर एकोणसाठ होतात. नव्या शाळेच्या पटावरही आहे, कारण आकडा कमी दाखवायची तिथे कुणाची हिंमत नाही. रोज दोन्हीकडे तिच्या नावापुढे हजर. चार महिने. महिन्याच्या शेवटी दोन्ही पट तुमच्याकडे येतात आणि दोन्हींवर तुमची सही होते.

मला तुरुंगात घाला, जाईन. भावाचं मनगट माझ्या नावावर लिहा, तेही माझंच आहे. पण माझी पुतणी तुमच्या सहीने रोज दोन शाळांत बसते आणि घरात भिंतीकडे तोंड करून असते. तोंडी नको, चौकशी चालू आहे असंही नको. लेखी द्या, तारीख घालून द्या: ती कोणत्या शाळेत आहे?