देवामार्फत टोमणे

शनिवारी दुपारी युडोरा स्कीट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून उद्या देवाला काय सांगायचं ते ठरवत होती. समोर तिची थोरली बहीण मर्टल ओली तूर सोलत होती. मर्टलला दिसत नसे. पण तुरीचे दाणे आणि धाकटी बहीण, दोन्ही ओळखायला डोळे लागतात असं तिचं मत नव्हतं.

"उद्या कुणाचा नंबर?" मर्टलने विचारलं.

"प्रार्थनेत कुणाचा नंबर नसतो, मर्टल. मी सगळ्यांसाठी प्रार्थना करते."

"ते ठाऊक आहे मला. पण सगळ्यांपैकी कुणासाठी?"

बार्बाडोसच्या डोंगराळ भागातली आमची अँग्लिकन चर्चं लहान, आणि पाद्री त्याहून कमी. फादर होल्डर यांच्याकडे तीन गावं. एका गावातलं गरमागरम प्रवचन दुसऱ्या गावी पोहोचेपर्यंत गाडीतच निवतं. म्हणून प्रवचनाआधीची सर्वांसाठीची प्रार्थना गावातल्याच कुणीतरी म्हणायची, अशी रीत. पुढे उभं राहायचं, आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी, राज्यकर्त्यांसाठी मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आमच्या गावात हे काम युडोराबाईंकडे होतं. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि निम्म्या गावाला त्यांनी लहानपणी बाकावर उभं केलेलं. त्यांच्या हातून हे काम काढून घेणार कोण?

आता, 'लेकी बोले सुने लागे' ही कला आमच्या बेटाला नवी नाही. ज्याला बोलायचं त्याला बोलायचं नाही. त्याच्या अंगणातून जाणाऱ्या कोंबडीला बोलायचं. युडोराबाईंनी ही कला थेट वेदीपर्यंत नेली. कोंबडीच्या जागी देव आला, एवढाच काय तो फरक.

"हे प्रभू," त्या डोळे मिटून म्हणायच्या, "ज्यांच्या मेंढ्या दुसऱ्यांच्या रताळ्याच्या वेलांत शिरतात, त्यांना कुंपण दुरुस्त करण्याची सद्बुद्धी दे."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," अख्खं चर्च म्हणायचं. त्यात मेंढ्यांचा मालक गिटन्सही असायचा. बिचारा करतो काय? 'प्रभू, ही एवढी सोडून बाकीच्या ऐक' असं म्हणायची सोय प्रार्थनेच्या पुस्तकात नाही.

लोक मनातून खूश असत. आपला विषय निघाला नाही की रविवार गोड जायचा. गर्दी वाढली. फादर होल्डरना वाटलं, आपली प्रवचनं सुधारली. त्या भल्या माणसाचा गैरसमज दूर करावा इतकं निष्ठुर गावात कुणी नव्हतं.

तर त्या शनिवारी मर्टलला उत्तर मिळालं. "डार्नली यरवुड," युडोरा म्हणाली. "घंटा वाजवून सगळ्यांना बोलावतो आणि प्रवचन संपायच्या आत स्वतः पसार. बायकोने तर कित्येक महिन्यांत पाऊल टाकलं नाही. गाणाऱ्यांमध्ये पहिली असायची व्हेरोना. काय म्हणावं?"

"विचारलंस त्याला?"

"मी कशाला विचारू? लोकांच्या घरात नाक खुपसायची सवय नाही मला."

मर्टलने हातातली शेंग रिकामी असूनही पुन्हा एकदा दाबून पाहिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. "हे प्रभू, जे तुझ्या घरी इतरांना बोलावतात आणि स्वतः मात्र अर्ध्यातून पळ काढतात, त्यांना कळू दे की हे तुझं मंदिर आहे, बसथांबा नव्हे."

मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली. मग सगळे म्हणाले, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." घंटेच्या दोरापाशी उभ्या असलेल्या डार्नलीनेही ते शब्द म्हटले. टोपी हातात घेतली, आणि गेला.

पुढच्या रविवारी घंटा वाजली नाही. आमच्या गावात घड्याळं आहेत, पण चर्चला जायला लोक घंटेचीच वाट पाहतात. परिणामी फादर होल्डरनी पहिलं स्तोत्र मर्टल, युडोरा आणि एका पालीच्या साथीने म्हटलं.

"रुसला," घरी आल्यावर युडोरा म्हणाली. "खरं बोललं की माणसं रुसतात."

"खरं बोललीस कुणाशी?" मर्टलने काठी कोपऱ्यात टेकवली. "त्याच्याशी तर एक शब्द नाही बोललीस."

"मी देवाशी बोलले."

"तेच तर. देवाला डार्नलीबद्दल सांगायची काय गरज होती? देवाला माहीत नव्हतं, की डार्नली पळतो ते? माहीत नव्हतं ते तुला. का पळतो ते तुला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला तू विचारत नाहीस."

"प्रार्थना म्हणजे—"

"प्रार्थना म्हणजे मागणं. तू मागत नाहीस, डोरा, तू तक्रार करतेस. तीही साहेबांकडे, सगळ्या गावाची सही घेऊन. आम्ही सगळे मान डोलावतो. मीसुद्धा डोलावली. आंधळी आहे, बहिरी नाही, मला लाज वाटली. उद्या मला त्याच्या घरी घेऊन चल. जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोल. तोंडावर बोलता येत नसेल, तर ते देवाच्या कानावर घालायच्याही लायकीचं नाही."

शाळेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढं लांब ऐकून घ्यायची सवय नव्हती. पण सोमवारी दोघी निघाल्या.

डार्नलीचं लाकडी घर उसाच्या शेताला लागून. सगळ्या खिडक्या बंद. तो दारातच उभा राहिला.

"या, मिस स्कीट. मिस मर्टल, पायरी आहे, सांभाळा." मग शांतपणे म्हणाला, "आज कुणासाठी प्रार्थना?"

युडोरा काही बोलणार, तोच आतून व्हेरोना आली. रविवारचा झगा, एका पायात बूट, हातात दुसरा. तिने युडोराकडे निरखून पाहिलं. ओळख काही चेहऱ्यावर उमटली नाही.

"कोण गं तू?"

"मी युडोरा. युडोरा स्कीट, व्हेरोना."

"हा आवाज मला ठाऊक आहे," व्हेरोना म्हणाली. "ही देवालासुद्धा गृहपाठ देते."

मर्टलला हसू आलं. तिने ते खोकल्यात दडवलं. डार्नली घाईघाईने म्हणाला, "मनावर घेऊ नका, मिस स्कीट. तिला आता कळत नाही."

युडोराबाईंना मात्र वाटलं, मर्टल सोडली तर गेल्या कित्येक वर्षांत आपल्याशी सरळ बोललेलं कळतं माणूस हे एवढंच.

मग तिला आत बसवून त्याने दार लोटलं, आणि पायरीवर बसून सगळं सांगितलं. व्हेरोनाची आठवण विझत चालली होती. एकदा ती शेतात भरकटली, एकदा चुलीवर रिकामी किटली ठेवून विसरली. सुरुवातीला, कळत होतं तेव्हा, तिने नवऱ्याकडून वचन घेतलं होतं, की मला असं कुणाला बघू देऊ नकोस. "पण चर्चची घंटा तिला अजून कळते. घंटा ऐकली की झगा घालते, केस नीट करते, खुर्चीत बसते आणि वाट बघते. प्रवचन अर्धं होईपर्यंत. मग उठते. त्याआधी मला घराचं दार गाठावं लागतं."

"आणि काल?" युडोराने विचारलं.

"काल घंटा वाजली नाही. शेवटी आपणच झगा घातला आणि दिवसभर विचारत होती, आज रविवार का आला नाही म्हणून. आजही झगा उतरवायला तयार नाही." तो स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिला. "सगळ्या गावाने मिळून देवाला सांगितलं, मी पळपुटा आहे. मीही सांगितलं. त्यानंतर दोराला हात लावायचं धाडस होईना."

"चूक माझी," युडोरा म्हणाली.

डार्नली पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. युडोराबाईंच्या वाक्याला नेहमी 'पण' असे. या वेळी नव्हता.

"तुला काय हवं आहे, डार्नली?" तिने विचारलं.

"रविवारी शेवटपर्यंत थांबता यावं. एवढंच. पण वचन दिलंय तिला, कुणी बघू नये म्हणून."

"मला तिने बघितलं. मार्कही दिले. मी बसेन तिच्यापाशी."

"आणि तुमची प्रार्थना?"

हे मात्र सोपं नव्हतं. दर रविवारी गावापुढे उभं राहणं, हेच त्या निवृत्त बाईंचं उरलेलं राज्य होतं. तिने मर्टलकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "मर्टल म्हणेल. तुझी परवानगी असेल तर तुमच्या नावानिशी."

डार्नलीने बंद दाराकडे पाहिलं. "नावानिशीच म्हणा," तो म्हणाला. "लपवून मी दमलोय, मिस मर्टल."

त्या रविवारी घंटा वाजली. व्हेरोना खुर्चीत बसून वाट पाहू लागली, आणि युडोरा तिच्या पायात दुसरा बूट चढवू लागली. इकडे चर्चमध्ये मर्टल काठी टेकत पुढे आली.

"प्रभू, व्हेरोना यरवुड आजारी आहे. तिला आठवत नाही. डार्नली एकटा सांभाळतो, आम्ही कधी विचारलं नाही. आता मी तुला काही सांगत नाही. ज्यांनी ऐकायचं ते इथे बसलेत."

एकाही तोंडून 'आमची प्रार्थना ऐक' निघेना. आता ऐकायचं कुणी, हाच घोटाळा झाला होता. शेवटी गिटन्स उभा राहिला. "मंगळवारी माझी बायको जाईल," तो म्हणाला. "तिला विचारलेलं नाही अजून, पण ती शेजारीच बसली आहे." बायको म्हणाली, "जाईन." मग शुक्रवार कुणी घेतला, जेवणाचं कुणी पाहिलं. डार्नली शेवटच्या स्तोत्रापर्यंत थांबला. स्तोत्र त्याला म्हणता आलं नाही, तो भाग वेगळा.

आता प्रार्थना पुन्हा युडोराबाईंकडे आहे, एक रविवार सोडून एक. पण त्याआधी त्या घरोघर जातात आणि विचारतात, "तुमच्यासाठी काय मागू?" गाव पहिल्यांदा भलतंच घाबरलं. टोमणा परवडला, चौकशी नको, असं झालं. गिटन्सने तर खिडकीतूनच सांगितलं, "माझं सगळं ठीक आहे, मिस स्कीट. माझ्यासाठी देवाला त्रास नको."

त्या वळल्या, तेव्हा त्याला काय वाटलं कोण जाणे. त्याने हाक मारली. "मिस स्कीट, आणि तुमच्यासाठी काय मागायचं?"

युडोराबाई रस्त्यात थांबल्या. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. खणखणीत उत्तर तयार असायला हवं होतं. पण आवाज बारीक निघाला. "मर्टल माझ्याआधी जाऊ नये," त्या म्हणाल्या. "ते जमणारं नसेल, तर नंतर कुणीतरी येत जावं माझ्याकडे."

गिटन्स दार उघडून बाहेर आला. "दुसरं मागणं देवापर्यंत न्यायला नको," तो म्हणाला. "ते माझ्याकडेच राहू द्या. आणि आता आत या, चहा घ्या."

बंधू-भगिनींनो, देवाला प्रत्येक घरातलं ठाऊक असतं; भिंतीपलीकडचं ठाऊक नसतं ते आपल्याला. म्हणून कुणासाठी हात जोडण्याआधी त्याच हातांनी त्याचं दार वाजवावं. निम्म्या प्रार्थना दारातच ऐकल्या जातात, आणि उरलेल्या देवाकडे नेताना निदान आपल्याला कळत असतं, की आपण नेमकं काय मागतो आहोत.