उपनियंत्रकांच्या डोळ्यांची परीक्षा

परीक्षा मंडळाच्या उपनियंत्रकांना नवव्या वर्षी चष्मा लागला आणि चोपन्नाव्या वर्षापर्यंत तो नाकावरून हलला नाही. फक्त जाड होत गेला. कचेरीत त्यांना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत. कॉपी पकडण्यात त्यांचा हातखंडा होता. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या मोज्यातली चिठ्ठी ते दारातून हेरत, आणि मग तो पोपटासारखा बोलू लागेपर्यंत त्याच्यासमोरून हलत नसत.

नियंत्रकांची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्या जागेसाठी तिघांचे अर्ज गेले. त्यातला एक उपनियंत्रकांचा. तेवढ्यात निवड समितीचे अध्यक्ष एका भाषणात बोलून गेले, “या खुर्चीला आता तरुण दृष्टीचा माणूस हवा.” उपनियंत्रकांनी ते वाक्य जसंच्या तसं घरी आणलं. रात्रीचं जेवण झाल्यावर चष्मा काढून आरशासमोर उभे राहिले. आरशात एक फिकट डाग दिसला. तो बराच तरुण वाटत होता.

“मी लेन्स बसवून घेतो,” त्यांनी जाहीर केलं.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाली, “अहो, दृष्टी म्हणजे विचार. डोळे नव्हेत.”

“विचार कोणाला दिसतात? डोळे सगळ्यांना दिसतात.”

 सव्वीस वर्षांच्या संसारात कुठलं उत्तर गिळायचं हे तिला चांगलं कळत होतं. शनिवारी ती त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेली.

बाहेर बाकावर बसल्या बसल्या उपनियंत्रकांना अर्धवट उघड्या दारातून भिंतीवरचा विजेवर उजळलेला अक्षरांचा फलक दिसला. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक बारीक होत गेलेल्या ओळी. नंबर येईपर्यंत त्यांनी सगळ्या ओळी पाठ करून टाकल्या, शेवटची तर उलटसुलट. त्यात गैर काही आहे असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही. आयुष्यात त्यांनी एकही परीक्षा तयारीशिवाय दिली नव्हती.

आत पांढरा कोट घातलेली एक तरुण मुलगी होती. “या काका, बसा,” ती म्हणाली. ‘काका’ ऐकून उपनियंत्रकांचा चेहरा आंबला. तिने चष्मा काढून घेऊन त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. आत एका लांबलचक रस्त्याच्या टोकाला एक फुगा दिसत होता; तो धूसर झाला, स्पष्ट झाला, आणि यंत्रातून डोळ्यांचा नंबर छापलेली एक चिठ्ठी बाहेर आली. मग तिने उजवा डोळा झाकून विचारलं, “शेवटची ओळ येते का वाचता?”

“ब, र, ड, ख, ल, ट,” उपनियंत्रक एका दमात म्हणाले.

मुलीने चिठ्ठीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. बोटाखालचं एक बटण दाबून ती म्हणाली, “छान. परत एकदा वाचा बरं.”

“ब, र, ड, ख, ल, ट.”

“काका, मी आता आकडे लावलेत.”

 कोपऱ्यात बसलेल्या बायकोने पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला घेतलं.

“पाठ केलं होतंत ना?” मुलीने विचारलं.

“तयारी केली होती,” उपनियंत्रक म्हणाले. हेच उत्तर त्यांनी आजवर शेकडो पोरांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकदाही मान्य केलं नव्हतं.

मुलगी मान्य करून मोकळी झाली. तिने त्यांच्या नाकावर लोखंडी गोल चौकट चढवली आणि तिच्यात एकेक काच सरकवत विचारू लागली, “आता बरं दिसतं, की आधी बरं होतं? हे? की हे?”

उपनियंत्रकांना घाम फुटला. “यातलं बरोबर उत्तर कुठलं?”

“याला बरोबर उत्तर नसतं. तुम्हाला जे वाटेल ते.”

“मग तपासता कसं?” त्यांचा आवाज चढला. “उत्तरच ठरलेलं नाही, तर गुण कसे देणार?”

“गुण नाही देत काका, नंबर देते.”

पुढे तिने पापणीत कागदाची पट्टी अडकवून डोळ्यांतलं पाणी मोजलं. पाच मिनिटांनी पट्टी जेमतेम ओली झाली. “डोळे कोरडे आहेत तुमचे,” ती म्हणाली. “कामच तसं आहे त्यांचं,” बायको म्हणाली. बुबुळाचा उंचवटा मोजून झाला, लेन्स ठरली, आणि शेवटी मुलीने बजावलं, “एक सांगून ठेवते. आता तुम्ही चष्मा वर करून वाचता. लेन्स घातल्यावर लांबचं लख्ख दिसेल, पण जवळचं वाचायला वेगळा चष्मा लागेल. वयाचा प्रश्न आहे.”

वयाचं नाव निघताच उपनियंत्रकांनी कान मिटले.

चार दिवसांनी लेन्स आल्या. दवाखान्यात त्या घालायला शिकताना उपनियंत्रकांची चांगलीच शोभा झाली. हात धुवायचे, लेन्स बोटाच्या टोकावर ठेवायची, ती वाटीसारखी दिसली तर सुलटी, बशीसारखी पसरली तर उलटी. एका हाताने वरची पापणी ओढायची, दुसऱ्याने खालची. बोट जवळ आलं की डोळा गच्च मिटायचा. “कोणी मारणार नाहीये काका,” मुलगी म्हणायची. शेजारच्या खुर्चीवर पंचाहत्तरीच्या एका आजीबाईंनी बोलता बोलता दोन्ही लेन्स चढवल्या आणि म्हणाल्या, “श्वास कशाला धरलाय? डोळ्यात घालायचंय, विहिरीत उडी नाही मारायची.” उपनियंत्रकांची लेन्स तीनदा पडली, एकदा चौघं जमिनीवर रांगून शोधत होते आणि ती त्यांच्याच शर्टाच्या खिशाला चिकटलेली होती. दीड तासाने दोन्ही बसल्या. समोरच्या इमारतीवरच्या पाटीतलं शेवटचं अक्षर वाचून ते लहान मुलासारखे हसले. बायकोने त्यांना इतकं मनापासून हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी बायकोने स्वतःहून करून आणलेला वाचायचा चष्मा पुढे केला. “खिशात तरी असू दे.”

“मग एवढा खटाटोप केला कशाला?” असं म्हणत ते उघड्या डोळ्यांनी निघाले.

समितीचे पाच जण लांब टेबलापलीकडे बसले होते. उपनियंत्रकांना त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटासुद्धा दिसत होता. अध्यक्षांनी एक कागद पुढे सरकवला. “परीक्षा केंद्रांना गेलेलं हे परिपत्रक. यावर खूप तक्रारी आल्यात. वाचून तुमचं मत सांगा.”

कागदावर मुंग्यांची रांग होती. उपनियंत्रकांनी तो जवळ धरला, लांब धरला. मुंग्या जाड झाल्या, बारीक झाल्या. पण परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका द्यायची नाही हा नियम त्यांना ठाऊक होता. कागद खाली ठेवून त्यांनी घसा साफ केला.

“स्पष्ट बोलू का? ज्याने हे लिहिलं, त्याला आपण काय लिहितोय ते लिहितानाच कळत नव्हतं. भाषा बोजड आहे. केंद्रावर प्रत्यक्ष काय घडतं याचा गंधही नाही. अशी माणसं खुर्चीत बसून कागद काळे करतात. चौकशी झाली पाहिजे.”

 एका सदस्याने कागद उलटसुलट करून पाहिला. अध्यक्ष खुर्चीतून अर्धवट उठले.

“याखाली तुमचीच सही आहे, माहीत आहे ना?”

 इतकी वर्षं ज्यांना पकडलं त्यांच्यातली हुशार पोरं शेवटपर्यंत चेहरा पाडत नसत, हे उपनियंत्रकांनी पाहून ठेवलं होतं. “म्हणूनच तर एवढ्या खात्रीने बोललो,” ते म्हणाले.

“वा!” अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. “स्वतःच्या चुकीवर असं कोरडेपणाने बोलणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय.”

आठवड्याभरात नेमणुकीचं पत्र आलं. ते बायकोने वाचून दाखवलं. शेवटी एक ओळ होती: नव्या नियंत्रकांनी त्या परिपत्रकाची चौकशी स्वतः करून दोषी अधिकाऱ्यावर महिनाभरात कारवाई करावी.

“आता?” बायकोने विचारलं.

नियंत्रक दोन दिवस अस्वस्थ होते. निलंबन जरा कडक वाटत होतं आणि माफी अगदीच पक्षपाती. तिसऱ्या दिवशी त्यांनी संबंधित अधिकाऱ्याला कडक शब्दांत समज देणारं पत्र काढलं, त्याखाली सही केली, आणि पत्र पोचल्याबद्दल वहीत दुसरी सही केली. ‘इथे का तिथे?’ एवढं मात्र त्यांना शिपायाला विचारावं लागलं.