'कुलूप होते, असा दृष्टिकोन आहे'

मी दृष्टिकोन बोलतोय. भाषणांत, अग्रलेखांत, नवरा-बायकोच्या भांडणांत तुम्ही मला रोज राबवता. आज जरा माझं ऐका.

दृष्टी आणि कोन यांच्या पोटी माझा जन्म. गंमत बघा, एकटी असते तेव्हा दृष्टीची वेलांटी दीर्घ. कोनाशी गाठ पडली की ती ऱ्हस्व होते! तरी माझं काम साधं होतं. माणसाला एवढंच विचारायचं, 'बाबा रे, तू कुठे उभा राहून बघतोयस?'

पुढे लोकांना उभं राहायचाच कंटाळा आला. घरबसल्या मत ठोकायचं आणि वर मला डकवायचं. सासऱ्यानं सुनेला घालूनपाडून बोलावं आणि म्हणावं, "हा माझा दृष्टिकोन!" खोटं उघडं पडलं की माझ्याआड लपायची सोय झाली.

पण वर्तमानपत्राच्या कचेरीत त्या दुपारी जे झालं, त्यानं मी संपलो.

शिलाईच्या कारखान्यात आग लागून बाया गेल्या होत्या. मालकाचं म्हणणं छापून आलं : दार उघडंच होतं, बायाच घाबरून उलट्या बाजूला पळाल्या. गेलेल्यांतल्या एकीची थोरली बहीण संपादकांसमोर उभी होती. दोन्ही हातांना पट्ट्या.

"साहेब, दाराला बाहेरून कुलूप होतं. मी दोरा आणायला गेले होते, म्हणून वाचले. दगड घालून घालून तुटेना. धाकटी आतून म्हणत होती, 'ताई, लवकर गं.'"

"तुमचं दुःख कळतं हो. पण मालकांचा दृष्टिकोन वेगळा आहे. आपण दोन्ही छापू."

"कुलपाला कसला आलाय दृष्टिकोन? ते असतं, नाहीतर नसतं. आणि मालक होता कुठे तेव्हा?"

माझाच प्रश्न होता तो. किती वर्षांनी कुणीतरी विचारला! संपादकांनी फोन उचलला.

पानावर आलं : 'दाराला कुलूप होते, असा मृत महिलेच्या बहिणीचा दृष्टीकोन आहे.' मुद्रितशोधकानं चष्मा सरसावला, माझी दुसरी वेलांटी खोडून पहिली दिली. "हां, आता बिनचूक." पान छपाईला गेलं.

चौकशीवाल्यांनी तेच कात्रण जोडलं आणि शेरा मारला : दाराबाबत मतभेद आहेत. मालक सुटला.

माझी वेलांटी शुद्ध आहे. त्या वाक्यातून मला काढायला मात्र कुणी आलं नाही. तुम्ही तरी यापुढे मला तोंडात घेण्याआधी त्या दाराशी एकदा उभे राहून या.

नाही जाणार, ठाऊक आहे मला. तिथे आता नवं दार बसवलंय. कुलूप बाहेरूनच आहे.